गिरणीच्या दारातली झडती

भाताच्या गिरणीत तांदूळ निघतो तो शेठचा, कोंडा गुरांचा, तूस वीटभट्टीवाल्याचं. आम्हा बायांच्या वाट्याला काय, तर गोष्टी. कर्जतच्या त्या गिरणीत मी सोळा वर्षं तांदूळ पाखडला. गोष्टी अशा साचल्यात, की एक ओढायला जावं तर तुसाच्या ढिगासारखी वरून दुसरीच घसरते. लिहिता येत असतं तर केव्हाच लिहून विसरून गेले असते. येत नाही, म्हणून सगळ्या जशाच्या तशा डोक्यात आहेत.

त्या गिरणीत प्रत्येकाचा प्रत्येकावर संशय. शेठचा दिवाणजीवर, दिवाणजीचा आम्हा बायांवर, आमचा एकमेकींवर. विश्वास फक्त इंजिन ड्रायव्हरवर होता, आणि तो सगळ्यांचा होता. तिथंच आम्ही चुकलो. पण ते पुढं.

*

आधी तात्या दिवाणजी. गिरणीच्या दारात त्याचं लाकडी स्टूल. संध्याकाळी सुटी झाली की एकेक बाईनं त्याच्यासमोर उभं राहायचं, पदर सोडायचा, ओटी झाडायची. खाली फरशी होती, दाणा पडला तर आवाज यायचा. तात्या कान देऊन ऐकायचा. मग म्हणायचा, "काही नाही. पुढची."

एकदा त्याची आई दुपारी डबा घेऊन आली. सत्तरीची बाई, पाठीत वाकलेली. डबा दिला, दोन मिनिटं टेकली, निघाली. दारात तात्या उभा.

"आई, झाड."

"काय झाडू?"

"ओटी. आत आलेलं माणूस झाडल्याशिवाय बाहेर जात नाही."

म्हातारीनं आमच्याकडं बघितलं. आम्ही सुपांमधे तोंडं घातली. तिनं गुपचूप पदर सोडला, झाडला, परत खोचला आणि म्हणाली, "नऊ महिने तुला आत घिऊन फिरले रं. भाईर पडताना तुजी झडती घ्यायची ऱ्हायली बघ."

"काही नाही," तात्या म्हणाला. "पुढची."

*

आता माझंच सांगते, नाहीतर म्हणाल धुरपा दुसऱ्यांचीच उणी काढते.

कणी सगळ्याच न्यायच्या. मूठभर, चहाच्या कपाएवढी. यशवदा ओचा दुहेरी घ्यायची. हिरू डोंगराखालच्या वाडीतून चालत यायची, ती काही न्यायची नाही, म्हणून आमचा तिच्यावरच जास्त संशय. मी भिसेगावची, माझे केस तेव्हा ढोपरापर्यंत. मी कणी अंबाड्यात भरायची. दोन वर्षं निभावलं.

मग एके दिवशी तात्यासमोर ओटी झाडून उभी, फरशीवर काही वाजलं नाही. तो "पुढची" म्हणणार, तेवढ्यात एक चिमणी येऊन माझ्या डोक्यावर बसली आणि टोचायला लागली. उडवली, तर दुसरी आली.

तात्या शांतपणे म्हणाला, "धुरपाबाई, अंबाडा सोडा."

सोडला. फरशीवर सडा पडला. तेव्हापासून तात्या केसही झाडायला लावायचा, आणि सगळ्या माझ्या नावानं बोटं मोडायच्या.

*

इंजिन ड्रायव्हर रघुनाथ. घाटावरचा माणूस. दारू नाही, विडी नाही, तोंडात शिवी नाही. आम्हाला सगळ्यांना "ताई" म्हणायचा. स्वतःच्या भाकरीतला चतकोर कुत्र्याला घालायचा. आमच्यातल्या निम्म्या बाया घरी नवऱ्याला सुनवायच्या, "त्या रगुनाथाकडनं शिका काय तरी."

त्याची बायको त्याला सोडून मोहोपाड्याला भावाकडं राहायची. भाऊ तिथल्या कारखान्यात कामाला. दहा वर्षांची मुलगी, शकू, ती बापाकडं. गावातल्या चार मोठ्या माणसांनी बसून ठरवलं होतं, बाई स्वतःच्या पायानं गेली, तर पोर बापाची. आम्हालाही पटलं होतं.

एकदा ती बायको गिरणीच्या दारात आली. रघुनाथनं तात्याचं स्टूल उचलून तिच्यासाठी ठेवलं. चहा सांगितला. हळू आवाजात म्हणाला, "बस की." ती बसेना. उन्हाळ्याचे दिवस, आणि बाई थरथरत होती. शकू बापाजवळ उभी. आईकडं एक पाऊल टाकलं नाही.

यशवदा माझ्या कानात म्हणाली, "पोटची पोर जवल जात नाय, यावरनं समज काय ती."

जाताना ती बाई माझ्यापाशी थांबली. का माझ्यापाशी, कुणास ठाऊक. म्हणाली, "मावशी, माज्या शकूला एकदा तेल लावून न्हाऊ घाला. एवडंच करा."

ती गेल्यावर आम्ही पोट धरून हसलो. पोर टाकून गेली ही, आणि न्हाऊ आम्ही घालायचं.

*

शकूबद्दल हे जे सांगतेय ते तिला विचारून सांगतेय. ती आता दोन लेकरांची आई आहे. म्हणाली, "सांग मावशी. पण बाबाला राक्षस करू नको. राक्षस असता तर तुमाला लगेच कळला असता."

शाळा सुटली की ती थेट गिरणीत यायची आणि इंजिनाच्या खोलीत बापाच्या नजरेसमोर बसायची. बोलायची नाही. आमच्यातलं कुणी जवळून गेलं की आमच्या हातांकडं बघायची. चेहऱ्याकडं कधीच नाही, हातांकडं. आम्ही ठरवून टाकलं, ही तात्याची खबरी आहे, कोण मूठ वळतं ते बघते. ती आली की आम्ही हात उघडे ठेवून काम करायचो. बिचारीला तेच बरं वाटत असणार, हे माझ्या डोक्यात यायला दोन वर्षं गेली.

*

गिरणीत वीज आली होती, पण ती पाहुणीसारखी, म्हणून इंजिन ठेवलेलं. रघुनाथ हँडल मारायचा. एका दमात लागलं तर धडधड सुरू. नाही लागलं तर तो हँडल काढायचा, फडक्यानं पुसायचा, परत घालायचा. चेहरा तसाच हसरा. पण दुसऱ्यांदा हँडल पुसलं गेलं की शकू जागेवर नसायची. मागच्या तुसाच्या खोलीत ढिगाआड जाऊन बसायची.

आम्ही म्हटलं, पोर इंजिनाला भिते. यशवदानं कुठूनसा अंगारा आणून लावला. हिरूनं पाला चोळून वास दिला. मी आपली साधा उपाय करायला गेले. तिचा हात धरला, बंद इंजिनापाशी नेलं आणि म्हटलं, "हात लाव. लोखंड हाय. खात नाय ते."

तिनं लगेच हात लावला. पाठीवर थोपटतात तसं चाकाला थोपटलं.

"इंजिनाला कोन भितंय?" ती म्हणाली.

मग यशवदा म्हणाली, "अंगाऱ्याचा गुन आला बघ."

*

इंजिनापासून यंत्रापर्यंत चामड्याचा रुंद पट्टा फिरायचा. झिजला की जोडाजवळून कापायचा आणि नवा तुकडा लोखंडी दातांनी जोडायचा. कापलेले तुकडे इंजिनाच्या खोलीत खिळ्याला टांगलेले. टिकाऊ वस्तू. कुणी दाराला बिजागरी म्हणून लावायचं, कुणी चपलेला तळ.

ते तुकडे नाहीसे व्हायला लागले. आज एक, आठवड्यानं दुसरा. तात्या पेटला. आम्हाला ओटी, केस, वर टोपल्याही उलट्या करायला लावल्या. मला राग आला. संध्याकाळी रघुनाथ हात धुवत होता, त्याला मी सहज बोलले. शब्दन् शब्द आठवतो. "आमचीच झडती का म्हनून, भाऊ? तुमची शकू दिवसभर तितंच असते. तिची पन घ्या की."

"बरोबर आहे, ताई," तो हसून म्हणाला. "घेतो."

दुसऱ्या दिवशी रविवार असल्यानं शकू सकाळपासून गिरणीत होती. जेवायच्या सुटीत आमच्यात आली. भाकरी घेतली आणि उभ्यानं खायला लागली.

"बस की गं," यशवदा म्हणाली.

"उब्यानं जास्त जातं पोटात," शकू म्हणाली.

सगळ्या हसल्या. हिरू सोडून. आणि मी सोडून. मला आदल्या दिवशीचं माझं बोलणं आठवलं.

*

इंजिन थंड ठेवायला पाणी फिरवतात, ते टाकीत कढत येऊन पडतं. गिरणीच्या मागं आडोसा होता, तिथं आम्ही त्या पाण्यानं पाय धुवायचो. मी रघुनाथला म्हटलं, "भाऊ, पोरीच्या डोक्यात उवा झाल्यात. आमच्या डोक्यात येतील. न्हाऊ घालते."

त्यानं शकूकडं बघितलं. इंजिन चालू होतं, सोडून येता येईना. "लवकर करा, ताई," म्हणाला.

फ्रॉक काढताना शकूनं माझा हात धरला. "वरनंच वता, मावशी."

"वरनं वतून कोन न्हातं गं?"

पाठीवर काय होतं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की पट्ट्याच्या जोडाला लोखंडी दात असतात आणि ते मोजता येत होते. जुन्यावर नवे.

मी तेल लावलं. हाताला चटका बसल्यासारखं झालं, पण हात उचलला नाही. ती खाली बघून हळूच म्हणाली, "बाबा वाईट नायत. पट्टा समोर दिसला की त्यांना राग येतो. नसला तर नाय येत. म्हनून मी पट्टे न्हेऊन टाकते."

"कुटं?"

तिनं मानेनं तुसाच्या खोलीकडं दाखवलं. मग म्हणाली, "पन ते सारके नवे कापतात, मावशी. इंजिनाला पट्टा लागतोच."

तेव्हा मला कळलं, मोहोपाड्याची बाई न्हाऊ घाला का म्हणत होती. तिनं तोंडानं सांगितलं असतं, तर आम्ही कुणी मानलं नसतं.

*

चार दिवसांनी भट्टीसाठी तूस भरायचं निघालं. ढीग उपसताना तात्याच्या सळईला काहीतरी लागलं. त्यानं हातानं उकरलं. एक पट्टा निघाला. मग दुसरा. अकरा निघाले. एकावर एक नीट रचलेले, शाळेतली पुस्तकं रचतात तसे.

तात्यानं ते अंगणात आणून टाकले. आम्ही गोळा झालो. शकू भिंतीला चिकटून उभी. इंजिनाच्या खोलीत रघुनाथ फडक्यानं हात पुसत होता, आणि पुसून झाले तरी पुसतच होता.

"कुणी?" तात्या म्हणाला.

मी पुढं झाले. "मी."

"तुम्ही? कशाला?"

"चपलांना तळ लावाया."

तात्यानं माझ्या पायांकडं बघितलं. मी तोवर आयुष्यात चप्पल घातली नव्हती, आणि गिरणीत हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या पायांवरून त्याची नजर भिंतीकडं गेली, तिथून इंजिनाच्या खोलीकडं, आणि परत माझ्याकडं आली. आता कामावरून जाणार, असं मी धरून चालले.

तात्यानं अकराही तुकडे उचलले, आत नेले, शेठच्या तिजोरीत ठेवले आणि कुलूप लावलं. तेव्हापासून कापलेला प्रत्येक पट्टा तिजोरीत. रघुनाथनं एकदा एक मागितला, दाराची बिजागरी करायला म्हणून.

"मिळायचा नाही," तात्या म्हणाला. "शेठचा माल आहे. चोऱ्या फार होतात."

यशवदा म्हणाली, "यडा झालाय तात्या. चामड्याला तिजोरी." मीही मान हलवली. पण त्या दिवसापासून तात्यावरचा माझा संशय वाढला. नक्की कसला संशय, ते मला सांगता येईना.

*

माणसाला मारायला पट्टाच लागतो असं थोडंच आहे. पावसाळा संपता संपता शकूचा डावा हात सुजला. पडली म्हणाली. तेव्हा मी यशवदाला आणि हिरूला तिच्या पाठीचं सांगितलं. आणि त्याच आठवड्यात रघुनाथनं गोड बातमी दिली, वर घाटावर लांब कुठं नवीन गिरणी निघालीय, सोमवारी तो पोरीला घेऊन कायमचा जाणार. पेढे वाटले. मी पेढा हातात धरून उभी. इथं निदान आम्ही तिघीजणी बघत होतो. तिथं कोण बघणार?

मोहोपाड्याच्या मामाला हिरूच्या भावाकरवी निरोप धाडला. त्याचं उत्तर आलं, "गावकीत माझं चाललं नाही. पण पोर एकदा माझ्या दारात आणून सोडा. पाठ डॉक्टरला दाखवतो, मग कोण न्यायला येतो ते बघतो." हिरूचा भाऊ खालापूरच्या अंगाला वीटभट्टीवर होता. आमचं तूस त्याच भट्टीवर जायचं. शनिवारी टेंपो येणार होता.

तर ठरलं असं. इंजिनाच्या खोलीची खिडकी गेटवर उघडायची. पोरीला चालवत न्यावी, तर बापाला दिसणार. म्हणून तिला तुसाच्या खोलीत जाऊ द्यायचं, ती नेहमीच जायची. तिथं मी तिला विरळ विणीच्या पोत्यात बसवायचं, भोवती थोडं तूस, आणि तोंड दाभणानं सैल शिवायचं. भट्टीवर हिरूचा भाऊ पोतं उतरवेल आणि तिला मामाकडं पोचवेल.

राहिला तात्या. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक तुसाच्या पोत्यात तो टोकदार सळई तीनदा खुपसायचा, आत तांदूळ लपवलाय का बघायला. खुपसलं की गेरूचा ठिपका, मग पोतं टेंपोत. ते काम यशवदानं घेतलं. ती ओटीत दोन मुठी तांदूळ घेऊन तात्यासमोर जाणार, सापडणार, भांडण काढणार. नोकरी गेली तरी चालेल म्हणाली. तेवढ्यात आम्ही पोतं चढवणार.

शनिवार आला. पोत्यात बसताना शकूनं एवढंच विचारलं, "बाबांना कोन सांगनार मी गेले ते?"

"मी सांगेन," मी म्हटलं. आणि दाभण ओवलं.

यशवदा तात्यासमोर जाऊन उभी राहिली. ओटी अशी फुगलेली, की आंधळ्यालाही दिसावी. "तात्या, मला आज लवकर जायचं हाय. घ्या झडती."

तात्यानं ओटीकडं बघितलंही नाही. "थांब. आधी पोती."

सोळा वर्षांत पहिल्यांदा त्यानं भरलेली ओटी सोडली, आणि तीही नेमकी आज. पाचव्या पोत्यात सळई गेली. सहाव्यात. सातव्यात. ठिपका, ठिपका, ठिपका. मागं फिरायला जागा नव्हती. मी आणि हिरूनं आमचं पोतं उचललं आणि त्याच्यासमोर आणून ठेवलं.

ठेवलं, आणि मला माझी चूक कळली. तुसाचं पोतं म्हणजे कापूस. एकटी बाई एका हातानं फेकते. सकाळपासून आम्ही तसंच फेकत होतो. आणि हे एक पोतं दोघींनी मिळून आणलं होतं, हळूच टेकवलं होतं.

तात्यानं माझे हात बघितले. मग हिरूचे. मग पोतं. सळई त्याच्या हातात वर उचललेली.

तेवढ्यात रघुनाथ फडक्यानं हात पुसत खोलीच्या दारात आला. "तात्या, आमची शकू दिसली का?"

"नाही."

रघुनाथ चालत टेंपोपाशी आला. पोत्यांवरून नजर फिरवली. त्याच हळू आवाजात म्हणाला, "सगळी पोती नीट बघताय ना, तात्या?"

तात्यानं सळई खाली केली. गेरूत बोट बुडवलं आणि आमच्या पोत्यावर ठिपका लावला.

"रघुनाथ," तो म्हणाला, "मी माझ्या आईला सोडलेलं नाही."

रघुनाथ हसला. ते सगळ्या कर्जतला माहीत होतं. तो तुसाच्या खोलीकडं शोधायला वळला. आम्ही पोतं चढवलं. दोघींनीच. टेंपोवाल्यानं फळी लावली आणि टेंपो गेटातून बाहेर पडला, वळणावर दिसेनासा झाला.

तात्या स्टुलावर बसला. सळई गुडघ्यांवर आडवी ठेवली.

"चला," म्हणाला. "ओट्या झाडा."

मी झाडली, केसही सोडले. काही नाही. हिरूनं झाडली. काही नाही. यशवदा पुढं आली. तिला काय करावं कळेना, तिनं डोळे मिटून पदर सोडला. दोन मुठी तांदूळ फरशीवर तडतड वाजत पडला, स्टुलाच्या पायापर्यंत गेला.

तात्यानं कान देऊन ऐकलं.

"काही नाही," तो म्हणाला. "पुढची."